१८० ला अडणारी जपानी आयात गाडी: वायर कापायच्या आधी हे बघ

मित्रा, तुझा प्रश्न दोनदा वाचला. गाडी जपानच्या लोकल मार्केटची, १९९० च्या आसपासची, चार सिलिंडरची ४०० सीसी. सहाव्या गियरला कान (थ्रॉटल) पूर्ण पिळला की काटा ताशी १८० किलोमीटरच्या जवळ जातो आणि तिथे गाडी झटके द्यायला लागते, मागून कोणीतरी धरून ठेवल्यासारखी. तुला कोणीतरी सांगितलंय की मीटरच्या मागची एक वायर कापली की गाडी मोकळी होते, आणि आता तुला फक्त त्या वायरचा रंग हवाय.

रंग मी सांगणार नाही. लपवायचं म्हणून नाही, एकाच मॉडेलच्या दोन वेगवेगळ्या वर्षांच्या गाड्यांमध्ये रंग बदललेले मी स्वतः पाहिलेत म्हणून, आणि तीस-पस्तीस वर्षं जुन्या गाडीत आधीच्या मालकांनी काय काय जोडून ठेवलंय ते उघडून बघितल्याशिवाय कोणालाच कळत नाही. रंगावर भरवसा ठेवून कापलेल्या गाड्या माझ्याकडे आल्यात, एक तर स्टार्टच होत नव्हती, एकीचा मीटर कायमचा मेला होता. त्यामुळे वायर शोधायची कशी, ती लिमिटरचीच, म्हणजे ठराविक स्पीडच्या वर गाडीला अडवणाऱ्या यंत्रणेचीच, आहे हे पक्कं कसं करायचं आणि नंतर गाडीचं काय काय बघायचं ते सगळं सांगतो. थोडं लांबेल पण सावकाश वाच.

पहिलं म्हणजे हे १८० आलं कुठून. बऱ्याच जणांना वाटतं की तो जपानचा कायदा आहे, तसं नाहीये. तिकडे दुचाकीला एक्सप्रेसवेवर २००० सालापर्यंत ८० ची मर्यादा होती, मग १०० झाली, आणि शिन-तोमेईसारख्या रस्त्यांच्या काही भागात २०२० पासून १२० आहे. म्हणजे १८० चा रस्त्यावरच्या मर्यादेशी काही संबंध नाही, ती तिकडच्या कंपन्यांनी आपसात ठरवून स्वतःवर घालून घेतलेली मर्यादा. तसंच ताकदीचंही होतं, २५० सीसीला ४५ पीएस (जवळजवळ हॉर्सपॉवरच), ४०० ला ५९, ७५० ला ७७, त्याच्या वर १००, आणि नव्वदीच्या सुरुवातीला २५० ची ४० आणि ४०० ची ५३ वर आणली. ताकदीची ही बंधनं २००७ मध्ये उठली. हे एवढ्यासाठी सांगतोय की लोक या दोन गोष्टींची गल्लत करतात. स्पीड लिमिटर वेगळा, ताकद दाबून ठेवलेली असते ती वेगळी. लिमिटर काढलास तर गाडीला एक पीएससुद्धा जास्त मिळणार नाही, पिकअपमध्ये काडीचा फरक पडणार नाही, फक्त १८० ला जी भिंत लागते ती जाईल. ताकद दाबलेली असते ती कुठे तर कार्बोरेटरच्या स्लाइडमध्ये, इनटेकच्या अरुंद रबरात, सायलेन्सरच्या तोंडाशी, कॅमच्या आकारात, नाहीतर वरच्या गियरमध्ये स्पार्कची वेळ मागे खेचून. तो अख्खा वेगळा विषय आहे, आज त्यात शिरत नाही.

तुझ्यासारख्या ४०० इतक्या तयारीच्या का असतात तर लायसन्समुळे. तिकडे मधल्या लायसन्सवर ४०० पर्यंतच चालवता येतं, आणि मोठ्या गाडीचं लायसन्स १९९६ पर्यंत ड्रायव्हिंग स्कूलमधून मिळतच नव्हतं, सरकारी केंद्रावर थेट परीक्षा द्यायची आणि त्यात पास होणारे फार थोडे. मग कंपन्यांनी सगळी रेसिंगची अक्कल या ४०० मध्ये ओतली. होंडाची व्हीएफआर४००आर म्हणजे एनसी३०, सीबीआर४००आरआर, कावासाकीची झेडएक्सआर४००, यामाहाची एफझेडआर४००आरआर, सुझुकीची जीएसएक्स-आर४००. १४ हजार आरपीएमच्या आसपास रेडलाइन, म्हणजे इंजिनच्या मिनिटाच्या फेऱ्यांची वरची हद्द, असलेल्या या गाड्या आजही उघडल्या की मी हातातलं काम सोडून आधी नुसती बघत बसतो, काय दर्जाचं काम आहे ते! म्हणूनच कोणी त्यांच्या हार्नेसला, म्हणजे वायरिंगच्या जुडग्याला, कटर लावला की माझा जीव तुटतो.

आता तुझी गाडी खरंच लिमिटरलाच अडते का, हे आधी पक्कं कर. हा टप्पा सगळे गाळतात. लिमिटरचा कट ओळखायची खूण अशी की तो प्रत्येक वेळी त्याच स्पीडला येतो, एकदम येतो, आणि स्पीड पाच-सहाने उतरला की गाडी लगेच परत ओढायला लागते, मग परत कट, मग परत ओढ, असा ठेका धरते. रेव्ह लिमिटर असेल तर तो आरपीएमला बांधलेला असतो, म्हणजे तिसऱ्या गियरलाही तितक्याच आरपीएमवर तसाच कट येईल. पेट्रोल कमी पडत असेल तर गाडी एकदम तुटत नाही, आधी दोन-चार सेकंद चांगली ओढते, मग हळूहळू दमते, मिसिंग करते, आणि कान थोडा सैल सोडला की कार्बोरेटरच्या वाट्या परत भरतात आणि गाडी सुधारते. या जुन्या गाड्यांत टाकीच्या कॉकची जाळी गंजाने भरलेली असते, पेट्रोल फिल्टर कोणीतरी उलटा लावलेला असतो, टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजलेलं असतं. आणि क्लच घसरत असेल तर आरपीएम वाढतो पण स्पीड वाढत नाही, ते तर सरळ दिसतंच. माझ्याकडे लिमिटर काढायला म्हणून आलेल्या गाड्यांपैकी कितीतरींचा लिमिटरशी संबंधच नव्हता, टाकी साफ केली, नवा फिल्टर टाकला आणि मग कुठे गाडी पहिल्यांदा १८० पर्यंत पोचली.

काट्यावरही पूर्ण विश्वास ठेवू नको. मीटर नेहमी थोडा जास्तच दाखवतो, काटा १८० दाखवत असेल तेव्हा जीपीएसवर १७० च्या घरातला आकडा दिसू शकतो. लिमिटर काटा बघत नाही, तो पल्स मोजतो.

काम कसं चालतं ते बघ. चाकाच्या किंवा गियरबॉक्सच्या फिरण्यातून एका सेन्सरला ठराविक अंतराला एक एक ठोका मिळतो. सीडीआय (स्पार्क सांभाळणारा डबा) किंवा ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) हे ठोके मोजतं, सेकंदाला अमुकपेक्षा जास्त झाले की ते स्पार्क तोडतं, इंजेक्शनची गाडी असेल तर बहुतेक पेट्रोल तोडतं. तुझ्या काळातल्या कार्बोरेटरच्या गाडीत स्पार्क तुटतो, म्हणजे पेट्रोल आत येतच राहतं आणि न जळता सायलेन्सरमध्ये जातं, म्हणून लिमिटरला धरून चालवलं की मागे फटाके वाजतात. हे सारखं करत राहणं गाडीला चांगलं नाही, आणि गाडी थोडी झुकलेली असताना हा कट आला तर मागचं चाक धक्का खातं, तेही वाईट. लिमिटर काढावा असं मला जिथे मनापासून वाटतं ते कारण हेच आहे, ट्रॅकवर लांब सरळ पट्ट्याच्या शेवटी जो झटका बसतो तो ब्रेक मारायच्या ऐन वेळी बसतो.

तुझ्या पिढीच्या गाड्यांत मीटर बहुतेक केबलवर चालतो. पुढच्या चाकातून केबल वर येते, मीटरमध्ये काटा फिरवते, आणि मीटरच्याच आत एक छोटा सेन्सर असतो, रीड स्विच नाहीतर ऑप्टिकल, तो ठोके बनवून खाली सीडीआयला पाठवतो. म्हणजे काटा आणि किलोमीटर केबलवर चालतात आणि ही वायर साधारणपणे लिमिटरपुरतीच असते. म्हणून "एक वायर कापली की झालं" ही गोष्ट जन्माला आली आणि या पिढीपुरती ती बऱ्याच अंशी खरीही आहे. पण तीच गोष्ट लोक २००० नंतरच्या गाडीला लावतात आणि तिथे फसतात. नंतरच्या गाड्यांत केबल गेली, गियरबॉक्सवर तीन वायरचा हॉल सेन्सर आला, एक सप्लाय, एक अर्थिंग, एक सिग्नल, आणि त्या एकाच सिग्नलवर मीटर, किलोमीटर, कोणता गियर पडलाय याचा अंदाज, आयडलिंग, काही गाड्यांत इलेक्ट्रॉनिक स्टीअरिंग डँपर, असं बरंच काही चालतं. तिथे वायर तोडली तर मीटर मरतो, इंजिनचा दिवा लागतो आणि गाडी कधी कधी स्वतःच ताकद कमी करून चालते. एबीएस आणि ट्रॅक्शन कंट्रोलवाल्या गाडीत तर स्पीडच्या कुठल्याही वायरला हात लावू नये, तिथे ईसीयूचं मॅपच बदलून घ्यायचं, तेही ते काम रोज करणाऱ्याकडून.

या दोन्हींच्या मधल्या गाड्यांसाठी एक छोटा डबा मिळतो, सिग्नलच्या वायरमध्ये मध्येच बसवायचा. चांगला डबा काय करतो तर साधारण १७० पर्यंतचे ठोके जसेच्या तसे पुढे जाऊ देतो आणि त्यावर गेलं की ईसीयूला १७० चेच ठोके देत राहतो, म्हणजे ईसीयूला वाटतं गाडी १७० वरच आहे. दिवा लागत नाही, काही तुटत नाही. साधा डबा सरसकट ठोके अर्धे करतो, तो मला आवडत नाही, कारण मग कमी स्पीडलाही ईसीयूला चुकीची माहिती जाते. कुठलाही डबा असो, तो मीटरच्या पुढे, ईसीयूकडे जाणाऱ्या फाट्यावर बसवायचा. सेन्सर आणि मीटरच्या मध्ये बसवलास तर मीटर आणि किलोमीटर दोन्ही खोटे दाखवतील आणि पुढे गाडी विकताना ती सरळ सरळ फसवणूक होते.

इथे एक गोष्ट आठवली. गाडी जपानमधून थेट न येता ब्रिटनसारख्या मैलवाल्या देशातून फिरून आली असेल तर तिथे मैल दाखवण्यासाठी कोणीतरी आधीच एक कन्व्हर्टर बसवलेला असू शकतो, जो ठोक्यांना १.६०९ ने भागतो. तो जर मीटर आणि ईसीयू दोघांच्याही आधी बसलेला असेल तर लिमिटर आपोआपच १८० किलोमीटरवरून १८० मैलांवर गेला, म्हणजे जवळजवळ २९० किलोमीटरवर, आणि मग तुझी गाडी जिथे अडतेय तो लिमिटर नाहीच. मैलवाल्या मीटरवर लिमिटर ११२ च्या आसपास लागतो, तिकडचे लोक ११२ म्हणूनच ओळखतात त्याला. तर आधी मीटरच्या मागे आणि सीटखाली कारखान्याचा नसलेला एखादा डबा, टेपने गुंडाळलेला जोड, वेगळ्याच जाडीची वायर दिसते का बघ.

आता प्रत्यक्ष काम. तुझ्या गाडीच्या फ्रेम नंबरच्या सुरुवातीचा जो कोड आहे, त्याच कोडचं, जपानी लोकल मॉडेलचं वायरिंग डायग्राम मिळव. एक्सपोर्ट मॉडेलचं घेऊ नको, त्यात ही वायरच दाखवलेली नसते आणि मग तू भलतीच पकडशील. बॅटरीची निगेटिव्ह काढ, फेअरिंग काढ, मीटरचा कपलर उघड, डायग्रामवर मीटरमधून सीडीआयला जाणारी वायर शोध आणि तीच वायर दुसऱ्या टोकाला, सीडीआयच्या कपलरमध्ये, कंटिन्युइटी लावून ओळख. दोन्ही टोकं जुळली तरच पुढे जा. मग बॅटरी जोड, इग्निशन ऑन कर, पुढचं चाक उचलून हाताने अगदी हळू फिरव आणि त्या वायरवर मल्टीमीटरने व्होल्टेज बघ. ठोक्यांची वायर असेल तर व्होल्टेज वर-खाली, वर-खाली होत राहील, ५ किंवा १२ आणि जवळजवळ शून्य. एकाच जागी थांबून असेल तर ती दुसरीच वायर आहे, नाहीतर सेन्सर आधीच मेलाय.

यापुढची एक युक्ती सांगतो, त्यामुळे पळवून बघावं लागत नाही. बऱ्याच जपानी मोटरसायकलींच्या केबल मीटरचं प्रमाण ६० च्या स्पीडला मिनिटाला १४०० फेरे असं असतं, म्हणजे १८० ला ४२००. पुढच्या चाकाजवळून केबलचं टोक सोडव, गाडी न्यूट्रलला चालू करून ४००० च्या आसपास धर आणि केबल एखाद्या वेगवान रोटरी टूलने फिरव, साधं ड्रिल सहसा एवढा वेग देत नाही. दिशा आधी बघून घे, उलटी फिरवलीस तर मीटर बिघडेल, आणि वेग हळूहळू वाढव. काटा १८० जवळ गेला की उभ्या गाडीचं इंजिन मिसिंग करायला लागतं, बहुतेक गाड्यांत तरी. वायर सुटी करून परत तसंच कर, मिसिंग गेलं की वायर तीच. दहा सेकंदांच्या वर धरू नको, उभ्या गाडीला वारा लागत नाही. डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या रोलरवर, न्यायचा विचार असेल तर लक्षात ठेव, डायनोवर फक्त मागचं चाक फिरतं, तुझा मीटर पुढच्या चाकावर असेल तर तिथे लिमिटर लागणारच नाही, आणि त्यावरून कोणी म्हणालं की गाडीला लिमिटर नाहीये तर ते ऐकू नको.

वायर मिळाली की ती कापायची नाही. सीडीआयच्या कपलरमधून तिची पिन बारीक पातीने मागे दाबून बाहेर काढायची, तिला हीट श्रिंकची टोपी घालायची आणि हार्नेसला बांधून टाकायची. उद्या परत लावायची झाली तर दोन मिनिटांत परत बसते, आणि कुठे सोल्डर नाही, जोड नाही. मीटरकडच्या बाजूला काम करू नको, तिथली वायर प्रत्येक वेळी हँडल वळवलं की वाकते, तिथला जोड वर्षा-दोन वर्षांत तुटतो आणि तुटतो तेव्हा शेजारच्या वायरीला चिकटतो. काही सीडीआयना उघडी वायर म्हणजे गाडी उभी आहे असं वाटतं, त्यांचं काम झालं. काहींना ती वायर सप्लायला नाहीतर अर्थिंगला जोडलेली लागते, ते डायग्राम आणि त्या मॉडेलवर हात बसलेला माणूस सांगेल, अंदाजाने अर्थिंग देऊ नको, सप्लायची वायर अर्थिंगला लागली तर सीडीआय जळतो आणि या गाड्यांचे सीडीआय आता नवे मिळत नाहीत. हा मुद्दा परत वाच.

टू-स्ट्रोकवाल्यांसाठी दोन शब्द, कारण हे वाचून कोणीतरी होंडाची एनएसआर२५०आर घेऊन बसेल. त्यातली शेवटची एमसी२८ चावीऐवजी कार्डवर चालते, आणि तिला एचआरसीचं, म्हणजे होंडाच्या रेसिंग विभागाचं, रेसिंग कार्ड लावलं की इग्निशन बदलतं आणि लिमिटरही जातो, वायरीला हात लावावा लागत नाही. पण टू-स्ट्रोक १८० च्या वर धरून ठेवणं म्हणजे पूर्ण थ्रॉटलवर लांब वेळ चालवणं, तिथे कार्बोरेटरचा जेट (पेट्रोल सोडणारं भोक) थोडा जरी लहान असला, ऑइल पंप थोडा जरी मागे सेट असला, तरी पिस्टन जाम होतो आणि मागचं चाक लॉक होतं. त्या गाडीत आधी जेटिंग, मग लिमिटर. २५० च्या चार सिलिंडर फोर-स्ट्रोकना ४५ पीएसमध्ये १८० गाठतानाच दम लागतो, त्यांचा लिमिटर काढून काही हाती लागत नाही. आणि ५० सीसी स्कूटरचं ६० चं जे बंधन असतं ते अगदी वेगळं, त्याची सरमिसळ यात करू नका.

तुला मिळणार किती? ५९ पीएसची, चांगल्या स्थितीतली, स्टँडर्ड गियरिंगची ४०० असेल तर २०० ते २१० च्या आसपास संपते. ५३ वाली त्याच्या थोडी आधीच. हवेचा विरोध तोडायला लागणारी ताकद स्पीडच्या घनाच्या हिशोबाने वाढते, १८० वरून २१० ला जायला जवळपास १.६ पट ताकद लागते, म्हणून शेवटचे ते वीस-तीस किलोमीटर मिळवायला लांबच लांब मोकळा पट्टा लागतो. रस्त्यावर तो पट्टा नाहीये मित्रा. १८० म्हणजे सेकंदाला ५० मीटर. समोरच्याने लेन बदलली हे तुझ्या लक्षात येऊन हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला तर ५० मीटर गेले. मी लिमिटर काढून देतो तो फक्त ट्रॅकवर जाणाऱ्या गाडीचा, रस्त्यावर १८० कमी पडतं असं सांगणाऱ्याचं काम मी घेत नाही, आणि हे मी त्याच्या तोंडावर सांगतो.

कारण असं काम मी पूर्वी घेतलंय. उमेदीच्या काळात एकाची अशीच ४०० मोकळी करून दिली, काम स्वच्छ झालं, मलाही अभिमान वाटला. टायर बघितले होते, खाच भरपूर होती, मला वाटलं चालतील. तारीख बघितली नाही. तीन आठवड्यांनी तो ट्रॅकवर गेला आणि सरळ पट्ट्यावर मागच्या टायरची पट्टी सुटली. गाडी घसरत वाळूत गेली, तो कॉलरबोनवर निभावला. टायर दहा वर्षांच्या वरचा निघाला, जपानमधून गाडीबरोबरच आलेला, गोदामात उभ्या राहिलेल्या गाडीचा. त्याला भेटायला गेलो तेव्हा तो मला काहीच बोलला नाही, आणि तेच जास्त लागलं. त्या दिवसापासून टायर बदलल्याशिवाय मी त्या वायरला हात लावत नाही.

तर टायर. साइडवॉलवर चार आकडे एका चौकटीत असतात, पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन साल. पाच-सहा वर्षांच्या वर गेला असेल तर खाच कितीही असो, या कामाला तो बाद. मग स्पीडचं अक्षर बघ, एस म्हणजे १८०, एच म्हणजे २१०, व्ही म्हणजे २४०, डब्ल्यू म्हणजे २७०. २१० पर्यंत जाऊ शकणाऱ्या गाडीला एचवर चालवणं म्हणजे अगदी काठावर चालवणं, मी व्हीच्या खाली घेत नाही. एनसी३० असेल तर मागचं चाक १८ इंची आहे, १५०/६० साइज, त्यात पर्याय फार कमी, म्हणून आधी टायर मिळतोय का ते बघ मग बाकीचं ठरव. व्हॉल्व्हचे रबर टायरबरोबर बदल, जास्त स्पीडला जुना रबरी व्हॉल्व्ह बाहेर फेकला जाऊन वाकतो आणि हवा सोडतो.

ब्रेकचा हिशोब पण करून ठेव. १८० च्या तुलनेत २१० ला गाडीत ३६ टक्के जास्त ऊर्जा असते, ती सगळी डिस्क आणि पॅडला उष्णता म्हणून प्यावी लागते. कॅलिपरचे सील, ब्रेकचं तेल आणि रबरी होज हे तिघं तीस वर्षांचे असतील तर लिव्हर मऊ लागतो, पहिल्या दोन ब्रेकिंगला कळत नाही, पाचव्याला लिव्हर हँडलला टेकतो. होज बदल, तेल बदल, पिस्टन बाहेर काढून साफ कर. स्टीअरिंगचे बेअरिंग, स्विंगआर्मचे बुश, चाकांचे बेअरिंग एकदा हलवून बघ, १४० ला न जाणवणारी ढील २०० ला हँडल हलवायला लागते. चेन एका जागी ताठ आणि एका जागी सैल लागत असेल तर बदलच. स्प्रॉकेटचा एक धडा इथेच, तुझा सेन्सर पुढच्या चाकावर असेल तर स्प्रॉकेट बदलून लिमिटर हलत नाही, पण गियरबॉक्सवर सेन्सर असलेल्या गाडीत पुढचं स्प्रॉकेट १५ चं १६ केलं तर लिमिटर नुसता त्यानेच खऱ्या १९२ वर जातो आणि मीटर कमी दाखवायला लागतो. कोणी आधीच असं करून ठेवलेलं असेल तर दात मोजल्याशिवाय आकड्यांचा मेळ बसणार नाही.

इन्शुरन्सला लेखी कळव. बऱ्याच ठिकाणी गाडीत केलेला बदल न सांगितल्यावर क्लेम नाकारतात, आणि आयात गाडीची नोंदणी करताना गाडी ज्या रूपात दाखवली त्यात बदल चालतो का हे तिथल्या नियमांवर आहे, ते आधी विचारून घे. पिन बाहेर काढायची पद्धत मी सांगितली त्याचं हेही एक कारण, गाडी परत मूळ रूपात आणता येते.

सगळं झालं की पहिली फेरी ट्रॅकवर मार. आधी दोन-तीन लॅप १५० च्या आत, काटा आणि किलोमीटर बरोबर चालतात का, कुठला दिवा लागतो का, ब्रेकचा लिव्हर तसाच राहतो का ते बघ. मग एकदा लांब पट्ट्यावर पूर्ण उघड, १८० पार गेलं की चार-पाच सेकंद धर, क्लच दाबून त्याच क्षणी किल स्विच मार आणि गाडी घरंगळत पट्ट्याच्या कडेला सुरक्षित जागी आण, पण मागून कोणी येत नाही हे बघून आणि ट्रॅकवाल्यांना आधी सांगून. प्लग थंड झाले की चारही काढ. कॉफीच्या रंगाचे असतील तर मिश्रण बरोबर आहे, कोळशासारखे काळे असतील तर पेट्रोल जास्त जातंय, त्याने लगेच नुकसान नाही. पांढरे फटक निघाले तर त्या दिवशी परत पूर्ण कान पिळू नको, गाडी ट्रॉलीवर टाक, मेन जेट एक नंबर मोठे घाल आणि टाकीतून पेट्रोल मिनिटाला किती पडतं ते बाटली लावून मोज.